काचेला कागद

काचेच्या पेटीत नारळाचा भुसा पसरला, पाण्याची ताटली ठेवली, ऊब देणारा दिवा लावला. तरी नवं आणलेलं ते लाल पायांचं कासव सकाळपासून काचेवर डोकं आपटतच होतं.

श्रीधरनं विकणाऱ्याला फोन लावला. “काच त्याला कळत नाही हो. बाहेरचं दिसतं, म्हणून जायला बघतं,” तो म्हणाला. “खालून वीतभर खाकी कागद चिकटवा. दिसेनासं झालं, की नाद सोडतं.” कागद लावला, आणि खरंच, तासाभरात कासव भुशात शिरून गप्प झालं.

इकडे दारापाशी आईचं रोजचं सुरू झालं होतं. “दार उघड रे. घरी जायचंय मला. अण्णा जेवायचे थांबले असतील.” तिचे अण्णा, म्हणजे वडील, जाऊन चाळीस वर्षं झाली होती. समजावून समजावून श्रीधर टेकीला आला होता. त्यानं पेटीकडे पाहिलं, आणि भिंतीच्या रंगाची चादर काढून दारावर वरपासून खालपर्यंत खिळ्यांनी ठोकली.

आईनं चादरीवरून हात फिरवला. दार कुठे गेलं, तिला उमगेना. मग ती आपल्या कॉटवर जाऊन बसली. सुटलो एकदाचा, असं श्रीधरच्या मनात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

संध्याकाळी तो चहा घेऊन आला, तेव्हा आई पेटीपुढे मांडी घालून नखानं कागद खरवडत होती.

“कुणी रे लावला हा?” तिनं विचारलं. “जाता नाही आलं, तर नाही. दिसू तरी दे बिचाऱ्याला.”