पेडलमधली शिट्टी

“दाब,” क्लेमेंट म्हणाले.

फ्लॉईडने पायाने स्विच दाबला. पेडलवरचा हिरवा दिवा लागला. त्याने गिटारची तार छेडली तसा जाड, खरखरीत सूर त्याच्या सातिवलीतल्या गाळ्यात घुमला आणि विरला. तार थांबली तरी क्लेमेंट मान वाकडी करून ऐकतच राहिले.

“शिट्टी आहे.”

फ्लॉईडने पुन्हा स्विच दाबला. दिवा विझला.

“आता गेली,” क्लेमेंट म्हणाले.

फ्लॉईडने वडिलांकडे पाहिलं आणि गिटार स्टँडवर ठेवली. सकाळपासून हेच चाललं होतं.

तो गिटारचे ओव्हरड्राइव्ह पेडल बनवायचा. पायाशी ठेवायची छोटीशी अ‍ॅल्युमिनियमची डबी. दाबली की गिटारचा साधा सूर आतल्या सर्किटमधून फिरून तापलेला, फाटका होऊन अँपमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या स्पीकरच्या पेटीत जायचा. परत दाबली की सर्किटला वळसा घालून होता तसा. या वळशाला बायपास म्हणतात, आणि फ्लॉईडचं नाव झालं होतं ते त्याच्या बायपासमुळे. दुसऱ्यांच्या पेडलमध्ये स्विच दाबताना टक्‌ व्हायचं, नाहीतर बंद असतानाही सूर मळकट यायचा. त्याच्यात तसलं काही नव्हतं. प्रत्येक पेडल तो अँपचा आवाज पूर्ण वाढवून, समोर बसून, कानाने लावायचा. “मशिनीवर मी भरवसा ठेवत नाही,” असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि गिऱ्हाइकांना ते आवडायचं.

नव्या पेडलची ऑर्डर बंगळुरूच्या दुकानाची होती. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच आली होती.

शिट्टीचा रोग त्याला ठाऊक होता. स्विचकडे येणारी वायर आणि बाहेर जाणारी वायर जवळ आल्या की बाहेरचा सूर चोरून परत आत शिरतो आणि सर्किट आपलं आपणच किंचाळायला लागतं. म्हणून त्याने मुकाट्याने डबी उघडली, दोन्ही वायरी लांब केल्या, एक बदललीही. स्वतः अँपला कान लावून बसला. आत साधी सळसळसुद्धा नव्हती.

“अजून आहे,” क्लेमेंट म्हणाले.

“पप्पा, ते तुमच्या कानात वाजतंय. या वयात होतं.”

“मग बंद केल्यावर थांबतं कसं?”

“तुम्हाला दिवा दिसतो ना. दिवा लागला की तुम्ही शिट्टीची वाट बघता.”

क्लेमेंटनी पेडलकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “असेल.”

तारुण्यात ते लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. आता गिरीजच्या वाडीतली केळी बघायची आणि रविवारी चर्चमध्ये गायकांना साथ द्यायची, एवढंच. थकले होते. हल्ली त्यांचं बोलणंही पुटपुटल्यासारखं झालं होतं. जेवताना फ्लॉईडला एकच गोष्ट दोनदा विचारावी लागायची.

विरारच्या चिराग नावाच्या गिऱ्हाइकानेही एक पेडल परत आणून दिलं होतं. “भाई, रेकॉर्डिंगला त्रास होतोय, काय ते बघ ना,” एवढंच म्हणाला होता. फ्लॉईडने वाजवून पाहिलं. काहीच नव्हतं. बिल्डिंगच्या वायरिंगला अर्थिंग नसेल, असं सांगून त्याने तेच पेडल त्याला परत दिलं.

दुसऱ्या दिवशी बंगळुरूचा माल गेला. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा फ्लॉईडला मोकळं वाटलं, आणि मग वडिलांशी आपण तोडून बोललो याचं वाईट वाटलं.

“पप्पा, उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. साधी टेस्ट आहे.”

क्लेमेंट लगेच कबूल झाले. फ्लॉईडला नवल वाटलं; साध्या तापालाही ते दवाखान्यात जायचे नाहीत.

“येतो मी,” ते म्हणाले. “पण त्या बंद खोलीची मला धास्ती वाटते. आधी तू बसून दाखव. मग मी बसतो.”

पापडीच्या दवाखान्यात बाकावर चार-पाच माणसं होती. क्लेमेंट त्यांच्यात टोपी मांडीवर घेऊन बसले. तपासणी करणाऱ्या मुलीचं नाव प्रिन्सी होतं. तिने फ्लॉईडला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं.

“सूर ऐकू आला की दाबायचं, सर. कितीही बारीक असला तरी.”

फ्लॉईड हसला. “माझा धंदाच तो आहे.”

पहिला सूर खोल होता, लांबच्या बोटीच्या भोंग्यासारखा. त्याने दाबलं. मग त्याहून वरचा. दाबलं. सूर बारीक होत गेले तरी त्याचं बोट चुकलं नाही. मग सूर यायचे थांबले. काचेपलीकडे प्रिन्सी मशिनीचं बटण फिरवत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, परत फिरवलं, परत पाहिलं. मशीन अडली असेल, असं वाटून तो निवांत बसला. बंगळुरूला माल एव्हाना पोचला असेल. दुकानवाला पहिलं पेडल लावून बघत असेल.

दार उघडून प्रिन्सी आत आली.

“बिघडलं का?” फ्लॉईडने विचारलं. “वरचे सूर राहिले अजून.”

तिने त्याचे हेडफोन काढले, दार उघडंच ठेवलं आणि मशिनीपाशी गेली.

“आता बाहेरच्या स्पीकरवर लावते, सर. ऐकू आलं की हात वर करा.”

फ्लॉईडने डोळे मिटले, पेडल लावताना मिटायचा तसे. पंख्याची घरघर ऐकू येत होती. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. बाकी शांत होतं.

“लावा ना,” तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले. दाराबाहेर बाकावरची सगळी माणसं दोन्ही कानांवर हात दाबून बसली होती.