मार्थामावशीकडचं पाणी

मार्थामावशीने जेवणाचं ताट पुढ्यात ठेवलं आणि डॉक्टर ॲन्सेल्मची भूक पडवीच्या पायऱ्या उतरून थेट केळीच्या बागेत पळाली.

माणूस साधासुधा नव्हता. माणसाचं रक्त जंतूंशी कसं लढतं, ते कुणाच्या जनुकात कसं लिहिलेलं असतं, यावर त्याने उभा जन्म घातला होता. सातासमुद्रापार त्याच्या नावाने टाळ्या पडत. रविवारी वसईजवळच्या निर्मळ गावात त्याचा सत्कार होता. आणि हा गडी ऐंशी वर्षांच्या म्हातारीपुढे मान खाली घालून बसला होता.

"आई सकाळपासून चाळीसदा फाटकापर्यंत जाऊन आली, डॉक्टर," मावशीचा मुलगा वॉल्टर स्कूटरवर मोगऱ्याच्या टोपल्या बांधता बांधता म्हणाला. "आणि रविवारी भाषण आवरतं घ्या हं! मागच्या पाहुण्याने मंडपातले पंखेसुद्धा झोपवले होते."

तो हसत निघून गेला. ॲन्सेल्मला हसता आलं नाही. समोरच्या भिंतीवर वॉल्टरच्या मुलीचा, टिफनीचा फोटो होता. नऊ वर्षांची, दोन वेण्या, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा. त्या फोटोनंतर तिचा दुसरा फोटो निघाला नाही.

मावशीच्या हातच्या कोशिंबिरीच्या कथा वसईभर होत्या. एका नवरदेवाने म्हणे वेदीपुढे उभं राहून 'हो' म्हणण्याआधी फादरांना विचारलं होतं, "मावशी आलीय ना?" सांगणारे मीठ जरा जास्तच घालतात. मावशी मात्र काकडी, कांदा, खोबरं आणि पाचही बोटं घालायची, एवढं खरं.

आणखी एक खरं. गावात टायफॉईडची साथ आली की अर्धी आळी अंथरुणाला खिळायची, पण मावशीच्या वाऱ्यालाही ताप उभा राहत नसे. म्हणून ॲन्सेल्मने तिचं रक्त नेलं आणि त्याला घबाड सापडलं. तिच्या जनुकात असं काही होतं की टायफॉईडचे जंतू तिच्या पित्ताशयात बिनभाड्याचे राहत आणि तिला साधी कणकणही येत नसे. पण हे भाडेकरू बाहेरही पडत. तिच्या हातांवरून, दुसऱ्यांच्या ताटात.

औषध होतं. महिनाभराच्या गोळ्या. पण जंतू गेले की अभ्यासही गेला. आणखी सहाच महिने, त्याने स्वतःला सांगितलं. मावशीला काहीच सांगितलं नाही. पाचव्या महिन्यात आळीत लग्न निघालं आणि मावशीने तीनशे पानांची कोशिंबीर कालवली. एकोणीस जण आजारी पडले. अठरा बरे झाले.

बावीस वर्षांनी, मागच्या आठवड्यात, तो चर्चमध्ये कबुली द्यायला गेला. फादरांना जनुक म्हणजे काय हे समजावण्यातच अर्धा तास गेला. सगळं ऐकून फादर म्हणाले, "बाबा, ही कबुली चुकीच्या पत्त्यावर आलीय."

म्हणून तो आज इथे होता.

"मावशी," त्याने सुरुवात केली. "टिफनीचा तो ताप..."

"आधी जेव. घाबरतोस कशाला? माझ्या हातचं नाही ते. नाक्यावरनं बिर्याणीचं पार्सल मागवलंय."

ॲन्सेल्मने ताटाकडे पाहिलं. तिने पळीने वाढलं होतं. ताटसुद्धा फडक्यात धरून आणलं होतं.

"तुला... ठाऊक होतं?"

"लहानपणी माझ्या टोपाचं बूड खरवडून खायचास. मग रक्त न्यायला लागलास, नि जे नाव काढू नये तेही डब्या भरभरून न्यायला लागलास. दर महिन्याला यायचास, पण पाण्याचा पेला ओठाला लावशील तर शपथ! 'घाई आहे मावशी, घाई आहे मावशी.' शाळेत गेले नाही रे मी, पण घरचा पोरगा घरचं पाणी पिईनासा झाला की बाईला कळतं. पोर गेली तेव्हा सगळं ध्यानात आलं."

"कुणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू? नातीला आजीने मारलं म्हणून?" तिने फडक्याची घडी केली. "तेव्हापासून कुणाला काही करून घातलं नाही. दोन वर्षांनी जेसन झाला, टिफनीचा भाऊ. त्याला कधी घास भरवला नाही. लोक हसतात, म्हातारी किरिस्ताव असून सोवळं पाळते."

ॲन्सेल्म एक पाप घेऊन आला होता. दुसरं त्याला आत्ता दिसलं.

"मावशी, त्या वर्षी नाताळात मी तुला गोळ्या दिल्या होत्या. शक्तीच्या म्हणून."

"त्या कडूजहर?"

"शक्तीच्या नव्हत्या त्या. जंतू मारायच्या होत्या. नंतर तीनदा तपासलं मी. एकही उरला नव्हता." त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. "तुझे हात बावीस वर्षं स्वच्छ आहेत, मावशी."

मावशीने दोन्ही हात समोर धरले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. कुणाचे तरी चुकून आपल्याकडे राहून गेले असावेत, तसे.

"जेसन वीस वर्षांचा झाला," ती म्हणाली.

मग ती उठली, माठाकडे गेली आणि पेला काठोकाठ भरला. येताना चारही बोटं तिने पाण्यात बुडवली, चांगली मुळापर्यंत, आणि पेला त्याच्यापुढे ठेवला.

"पी."

त्याने पेला उचलला. एका दमात, तळापर्यंत प्यायला आणि खाली ठेवला.

मावशीने तो रिकामा पेला घेतला आणि पुन्हा भरायला माठाकडे वळली.