गारव्याची सवय

"घरचं विरजण ठेवायला बंदी आहे, ठाऊक आहे ना?" असं म्हणत तपासनीस गवाणकरांनी निर्मलाताईंच्या दह्याच्या वाटीवर शीतनळी रोखली. क्षणात दह्याचा दगड झाला. "मेले सगळे जीवाणू. आता कंपनीचं, एकदाच चालणारं विरजण विकत घ्या."

"बरं," निर्मलाताई म्हणाल्या.

गवाणकर जिना उतरताच त्यांनी तोच दगड कोमट दुधात सोडला. वर्षभर त्या ही वाटी रोज थोड्या जास्त गारव्यात ठेवत आल्या होत्या. जीवाणूंनी आपलं आवरणच बदलून घेतलं होतं. थंडीत ते आता ताठरत नव्हतं, तडकत नव्हतं.

सकाळी दही कवडीसारखं लागलं. शेजारची झुबेदा वाटी घेऊन आली. तिला चमचाभर दही देत निर्मलाताई म्हणाल्या, "रोज थोडं जास्त गार ठेव. पुढच्या खेपेला ते याहून गार नळी आणतील."