निनावी तक्रार

उज्वलाताईंनी उदबत्ती पेटवून वजनकाट्यावरच्या, धूळ ओढून घेणाऱ्या हुडाखाली धरली. धूर वर ओढला जायला हवा होता. तो सावळीरामच्या तोंडाकडे गेला.

"आजबी तसंच का, मॅडम?" त्याने मास्कच्या आतून विचारलं.

"तसंच."

नाशिकच्या अंबडमधल्या त्या कारखान्यात बॅटरीसाठी लागणारी कार्बनची पेस्ट बनायची. त्यातली नॅनो पावडर इतकी बारीक, की हवेत उडाली तरी डोळ्याला दिसत नाही आणि छातीत गेली की तिथेच मुक्काम करते. चांदवडचा सावळीराम ती रोज उघड्या टेबलावर तोलायचा. पंख्याने उडते म्हणून भर मे महिन्यातही पंखा बंद.

उज्वलाताई तिथल्या सुरक्षा अधिकारी. तीन वर्षांत त्यांनी मॅनेजर शौनक साहेबांना सोळा पत्रं दिली. मागणी एकच: हातमोजे बसवलेली काचेची बंद पेटी आणि तिला फिल्टर लावलेला एक्झॉस्ट.

"साहेब, मास्क हा शेवटचा उपाय. धूळ माणसापर्यंत येऊच द्यायची नाही, हा पहिला."

साहेब मान वर न करता म्हणायचे, "मुंबई ऑफिस नाही म्हणतंय, ताई."

हळूहळू ताईंना त्यांच्या केबिनचा जिना चढायचाही कंटाळा यायला लागला. सतरावं पत्र त्यांनी लिहिलंच नाही.

आणि जूनमध्ये सरकारी निरीक्षक गेटवर येऊन उभे राहिले. कोणीतरी निनावी तक्रार केली होती. त्यांनी सावळीरामला तासभर प्रश्न विचारले आणि वजनाची खोली तिथल्या तिथे बंद करायला लावली. माल अडकला, तेव्हा मुंबईचे डोळे उघडले. महिन्याभरात पेटी बसली. ताईंनी पेटीच्या तोंडाशी उदबत्ती धरली, तर धूर सुर्रकन आत.

"मंग आता पंखा लावू का?" सावळीराम म्हणाला. कितीतरी दिवसांनी ताई हसल्या.

ते हसू दोन दिवस टिकलं. मुंबईहून फर्मान आलं: तक्रार करणाऱ्याचं नाव शुक्रवारपर्यंत कळवा, त्याला काढायचंय.

कँटीनच्या मागे सावळीरामने ताईंना गाठलं. "मी नाय केली ओ, मॅडम. पोरीची शपथ. पन निरीक्षकासंग लय बोललो ना, समदे माझंच नाव घेत्यात. सृष्टीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय."

ताईंना ते खरं वाटलं नाही. त्यानेच केली असणार. आपण कागद काळे करत बसलो आणि जे करायला हवं होतं ते या माणसाने केलं, असं त्यांच्या मनात आलं. राग आला तो स्वतःचा. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तसंही अंगात काही राहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्या जिना चढल्या आणि साहेबांसमोर राजीनामा ठेवला.

"तक्रार मी केली. मुंबईला माझं नाव कळवा. सावळीरामला यात ओढू नका."

शौनक साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग उठून केबिनचं दार लावलं.

"सावळीरामने केलेली नाही, हे मला माहीत आहे," ते म्हणाले.

"तेच सांगतेय. मी केली."

"तुम्हीही नाही."

"साहेब, मी सही करून दिलंय."

"ताई, ती तक्रार मी लिहिली होती."

एवढं बोलून त्यांनी पेन उघडलं, राजीनाम्यावर 'मंजूर' असं लिहिलं आणि खाली सही केली.