शेपटीखाली बघायचं राहिलं

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही समुद्रात बुडी मारली आहे. पाठीवर हवेची टाकी. समोर पवनचक्कीचा जाडजूड खांब, शिंपल्यांनी मढलेला. वर पाती फिरतात, त्यांची घरघर खाली बारीकशी ऐकू येते. खांबाच्या पायाशी दगडांची रास आहे.

तिथल्याच एका कपारीत सिल्ये नावाच्या मुलीला शेवंड दिसली. मोठी, निळीकाळी, जाड नांग्यांची.

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर बुडी मारणाऱ्या प्रत्येक मुलाला शिकवतात, तेच आजोबांनी तिला शिकवलं होतं. शेवंड मागून धरायची, उलटी करायची, शेपटीखाली बघायचं. अंडी असतील तर ती शेवंड जिथली तिथे सोडायची. पण सकाळीच होडीत बोडिल मावशी म्हणाली होती, "मागच्या खेपेला पिशवीत नुसतं पाणी आणलंस. आजही पाव कोरडाच खायचा का गं?"

आजोबा जवळच होते, पण पाठमोरे. सिल्येनं शेवंड धरली आणि तशीच जाळीच्या पिशवीत कोंबली.

होडीत चढताच ती ओरडली, "मावशी, आता बोल!"

"अगंबाई! ही तर माझ्याहून जाड!" मावशीनं हसत शेवंड उलटी केली आणि ती तशीच आजोबांपुढे धरली.

शेपटीखाली मोहरीसारखी काळी अंडी होती. अर्धीच. बाकीची जाळीनं खरवडली गेली होती. काही पिशवीच्या दोऱ्यांत अडकली होती, काही सिल्येच्या हातमोज्याला चिकटली होती.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी शेवंड बादलीत ठेवली आणि बादली दोरीनं पार खाली, दगडांपर्यंत सोडली. ती वर आली तेव्हा रिकामी होती.

"आणि ही?" सिल्येनं हातमोजा पुढे केला. "ही पण सोडू या ना."

"सोडून उपयोग नाही, बाळा. आई कितीतरी महिने शेपटी हलवून त्यांच्यावर ताजं पाणी घालत राहते. सुटलेलं अंडं जगत नाही."

सिल्ये हातमोज्याकडे बघत राहिली. "उलटी करून बघायला किती वेळ लागला असता, आजोबा?"

"एक श्वास."

मावशीनं इंजिनाच्या दोरीला हात घातला, पण ती ओढली नाही. सिल्ये होडीच्या काठावर पालथी झाली होती. हातमोजा न काढताच तिनं हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि बोटं हळूहळू हलवत राहिली.