पट्ट्यांवर पाय देऊ नका

तीन वर्षं अर्ज करून करून शेवटी आमच्या शाळेसमोर, जळकोटच्या रस्त्यावर, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे मारले. पण उद्घाटनाला साहेबांची तारीख मिळेना. मग पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना रस्त्याच्या कडेला दोरी बांधली आणि राखणीला एक माणूस बसवला. गाड्या मात्र पट्ट्यांवरून बिनधास्त पळत होत्या.

नवव्या दिवशी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या धुरपताबाई कोथिंबिरीची जुडी घेऊन दोरीखालून जायला वाकल्या, तसा तो माणूस खेकसला.

"मावशी, पट्ट्यांवर पाय देऊ नका. मातीचे पाय उमटतेत. साहेबांच्या हातानं फीत कापायची हाय."

"अन् हे ट्रक चाललेत ते?"

"त्यांना कोण अडवावं? तुम्ही जा की तिकडून."

मी शाळेच्या फाटकातून हे सगळं ऐकत होतो. हेडमास्तर असून तोंडातून शब्द काढला नाही, त्याचा राग आजही स्वतःवरच येतो. बाई दहा पावलं पुढं गेल्या, रस्त्यात उतरल्या आणि भरधाव टेम्पोनं त्यांना उडवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत बाई गेल्या होत्या.

परत आलो तेव्हा दोरी तशीच बांधलेली होती. पोलिसांनी पंचनामा लिहून ठेवला होता, पंच म्हणून फक्त माझी सही बाकी होती. मी शेवटची ओळ वाचली.



'सदर महिलेने झेब्रा क्रॉसिंग उपलब्ध असताना त्याचा वापर केला नाही.'