नाथाजींचा आवाज

"सुटला... सुटला... सुटलाऽऽऽ! काळीज धरून बसा मंडळी!" लॅपटॉपातून नाथाजी गरजले. आणि खरे नाथाजी तर स्टेजवर लेकीच्या, संयोगिताच्या शेजारीच उभे होते. गळ्याभोवती उपरणं, ओठ घट्ट मिटलेले.

अख्ख्या माळावर शिट्ट्या घुमल्या. आटपाडीपासून कराडपर्यंत बैलगाडा शर्यतीचं मैदान समालोचन करणाऱ्या या आवाजाशिवाय भरतच नसे. मग मिरजेला नाथाजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गावातल्या, इंजिनिअरिंगला असलेल्या ऋषिराजनं त्यांचे जुने व्हिडिओ गोळा केले आणि एआयला तो आवाज शिकवला. आता कॅमेरा गाड्या बघायचा आणि लॅपटॉप नाथाजी होऊन बोलायचा. बैलाचं नाव चुकत नव्हतं, मालकाचं गाव चुकत नव्हतं. घसा तर बसणारच नव्हता.

"नाथाजी, गड्या, तू फकस्त व्हय म्हण," शर्यत कमिटीचे अध्यक्ष आप्पासो म्हणाले. "हंगामभर समदी मैदानं तुझ्याच आवाजात!"

नाथाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. हरवलेलं वासरू दावणीला परत यावं, तसे ते स्पीकरकडं बघत होते.

पण यंदा हा माईक संयोगिताला हवा होता. शाळेच्या वाटेवर सायकल हाणत, पुढं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांना बैलगाड्या समजून तिनं वर्षभर घसा फोडला होता. गाव हसलं, मैत्रिणी हसल्या, ती थांबली नाही. आणि आता गाठ पडली ती कुणाशी? पप्पांच्याच आवाजाशी! भांडणार तरी कशी? सकाळी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तीच तर हुंदके देऊन रडली होती.

तरी ती पुढं झाली.

"आप्पा, मला एक गट द्या, एकाच फेरीचं बोलू द्या."

"पोरी, घरात तूप असताना डालडा कशाला गं?"

"आवं, चाखून तरी बघा की!"

स्टेजवर हशा पिकला. आप्पासोंनीही हसत हसत माईक तिच्या हातात दिला. "एकच हां!"

झेंडा पडला. गाड्या उधळल्या. "सुटला... सुटला... सुटलाऽऽऽ!" तोच पप्पांचा हेल, तीच पप्पांची फेक. पण तिसऱ्या "सुटला"ला आवाज असा चिरकला, की स्टेजखालचं कुत्रंसुद्धा उठून गेलं.

"बापाची कॉपी मारतीया!" कठड्यापाशी कुणीतरी ओरडलं. "त्यापरास लॅपटॉप बरा की रं!"

लागलं तिला. पण खोटं कुठं बोलला होता तो? पप्पांसारखं बोलायला लॅपटॉप होता आणि तो तिच्यापेक्षा झकास बोलत होता. मग ती कशाला उभी होती तिथं? तिनं माईक आवळला. हसायचं तर हसा म्हणावं. पण आता जे बोलायचं ते आपलं बोलायचं.

"बरं, ऱ्हायलं!" ती म्हणाली. "पप्पांचा नाद सोडला. आता माझं ऐका! चार नंबरचा सोन्या बघा कसा पळतोय! गणिताचे सर वर्गात शिरले, की आमची मागची बाकं अशीच पळत्यात! अन् दोन नंबरवालं मामा, आवं, झोपलाय व्हय? तुमच्या बैलांना सांगा, मधली सुट्टी संपली!"

आधी दोन नंबरवाल्या मालकालाच हसू आवरेना, आणि अख्खा कठडा खदखदला. संयोगिताला पंख फुटले. "हसताय काय, सोन्या आला! आला की वो! शेपूट बघा, शेपूट, झेंड्यागत उभं केलंय! आला... आला... आणि गेला बी! आता टाळ्या वाजवा, का त्या बी मीच वाजवू?"

टाळ्या वाजल्या. दणकून वाजल्या. तिनं माईक खाली घेतला तेव्हा कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "पोरीला अजून एक गट द्या!" लगेच दुसरीकडून हाक आली, "न्हाई, नाथाजीच पायजे!"

आप्पासोंनी डोकं खाजवलं. "पोरगी लय भारी बोलली, खोटं कशाला बोलू? पर निम्मी माणसं तुला ऐकायला आल्यात, नाथाजी. आवाज बी तुझा, लेक बी तुझी. तूच ठरीव गड्या."

नाथाजींनी लेकीकडं बघितलंही नाही. ते सरळ लॅपटॉपाकडं गेले.

पण संयोगितानं मान काही खाली घातली नाही. पप्पांनी आज "व्हय" म्हटलं तर म्हणू देत. कितीतरी दिवसांनी आवाज परत मिळालाय त्यांना, तो कोण सोडेल? आपण पुढच्या मैदानावर जाऊन माईक मागू. तिथं नाही मिळाला, तर त्याच्या पुढच्या.

ऋषिराजनं उठून खुर्ची दिली. "काका, हितं लिहा. तुमी लिहाल ते तुमच्याच आवाजात बोलंल ते."

नाथाजी एका बोटानं अक्षरं हुडकत बसले. खाली माणसं कुजबुजायला लागली. शेवटी त्यांनी बोट उचललं, आणि माळावरच्या सगळ्या कर्ण्यांतून तो ओळखीचा, खणखणीत आवाज घुमला:

"राम राम मंडळी, नाथाजी बोलतोय. एवढंच सांगायचं ऱ्हायलं होतं. आजपासनं मैदानावर माझी लेक बोलंल."